उशीर ज्याचा, यादी त्याची : यूएस एअरवेजच्या पायलटांचा अकरा वर्षांचा ज्येष्ठतावाद

दोन पायलट डोळ्यांसमोर आणा. पहिला 1988च्या सुमारास यूएस एअरवेजमध्ये लागलेला, पण 2005 साली घरी बसलेला. कंपनीने माणसे कमी केली तेव्हा कात्री त्याच्यापर्यंत पोचली होती. दुसरा अमेरिका वेस्ट या कंपनीत जेमतेम काही महिन्यांपूर्वी लागलेला. गणवेश नवा, पगार चालू, ड्यूटी चालू. मे 2005 मध्ये जाहीर झाले की या दोन कंपन्या एक होणार. आता एकच ज्येष्ठता यादी करायची. वर कोणाचे नाव?

महाराष्ट्रात हा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जिल्हा परिषदेची शाळा असो की महसूल खाते, सेवाज्येष्ठता यादी लागली की हरकतींचा पाऊस पडतो. सरळसेवेने आलेले आणि पदोन्नतीने आलेले यांची भांडणे मॅटपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात. आपल्या मनातले उत्तर ठरलेले असते: आधी लागला तो वर. लवाद जॉर्ज निकोलाउ यांनी 1 मे 2007 रोजी याच्या उलट उत्तर दिले. सतरा वर्षे आधी लागलेला तो पायलट नव्याकोऱ्या पायलटाच्या खाली गेला.

लवादाचा निकाल अंतिम आणि बंधनकारक राहील, हे दोन्ही बाजूंना आधीपासून मान्य होते. तरीही ती यादी त्या कंपनीत एक दिवसही लागू झाली नाही.

निकाल न्याय्य होता की नाही, यावर दोन्हीकडचे पायलट वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर आले. बहुतेक लिखाणही तिथेच अडकलेले दिसते. मला या प्रकरणाचे मर्म दुसरीकडे दिसते. निकाल अमलात यायला ज्यांची मते लागणार होती, तेच निकालात हरले होते, तेच संख्येने जास्त होते, आणि प्रत्येक वर्षाचा उशीर त्यांच्याच पदरात पडणार होता. अशी रचना केल्यावर लवाद म्हणून कोणीही बसला असता तरी फार काही वेगळे घडले नसते.

आकडा म्हणजे सातबारा

अमेरिकी विमान कंपनीत पायलटाचे आयुष्य एका क्रमांकावर चालते. कोणते विमान चालवायचे, कोणत्या शहरातून ड्यूटी सुरू करायची, डावी खुर्ची मिळणार की उजवी, म्हणजे कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर, नाताळात घरी असणार की कुठल्या तरी विमानतळाजवळच्या हॉटेलात, हे सगळे 'बिड' लावून मिळते आणि बिडचा निकाल यादीच्या क्रमाने लागतो. वरच्याने निवडून उरलेले खालच्याला. कपात मात्र तळापासून सुरू होते. तिला तिकडे 'फर्लो' म्हणतात: नाव यादीत राहते, पगार बंद होतो, आणि परत बोलावणे कधी येईल याचा नेम नसतो.

हा क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. वीस वर्षांचा कॅप्टन उद्या दुसरीकडे गेला तर तिथे यादीच्या तळाशी, उजव्या खुर्चीत, नवशिक्याच्या पगारावर. आपल्याकडे इंजिनिअर किंवा डॉक्टर अनुभव दाखवून वरच्या जागेवर जातो. तिथल्या पायलटाला ते दार बंद. म्हणून हा आकडा निव्वळ मानाचा नाही, ती मिळकत आहे. सातबाऱ्यावरच्या नावाइतकी.

मात्र या मिळकतीचा एक विचित्र गुण आहे. पायलट स्वतःच्या कर्तबगारीने यादीत वर सरकत नाही. वरचा निवृत्त झाला की सरकतो. त्यामुळे क्रमांक 3,000 ची किंमत सगळीकडे सारखी नसते. वरचे बहुतेक जण साठीला टेकलेले असतील तर तो आकडा सोन्याचा. वरचे सगळे चाळिशीतले असतील तर तोच आकडा मातीमोल. पुढचे सगळे भांडण याच एका गोष्टीवर उभे आहे.

पाटी एकाची, किल्ल्या दुसऱ्याच्या

यूएस एअरवेज हे पूर्व किनाऱ्याचे जुने घराणे. ते स्वतःच विलीनीकरणांतून वाढलेले: अलेघेनी एअरलाइन्समध्ये 1972 साली मोहॉक आली, 1980च्या दशकाच्या अखेरीस पीएसए आणि पीडमॉण्ट आल्या. फिलाडेल्फिया आणि शार्लट ही मोठी केंद्रे, अटलांटिकपार जाणारी एअरबस 330 विमाने, वयस्क आणि अनुभवी पायलट. पण 2001च्या हल्ल्यानंतर या घराण्याचे वासे फिरले. ऑगस्ट 2002 मध्ये दिवाळखोरी, त्यातून कसेबसे बाहेर, सप्टेंबर 2004 मध्ये पुन्हा दिवाळखोरी. दरम्यान पगार कापले गेले आणि मार्च 2003 मध्ये पायलटांची पेन्शन योजनाच मोडीत निघाली. ती सरकारी पेन्शन विमा संस्थेच्या गळ्यात पडली.

हे कापले जाणे म्हणजे नेमके काय, ते एका प्रसिद्ध माणसाच्या तोंडून जगाने ऐकले. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कहून शार्लटला निघालेले यूएस एअरवेजचे विमान पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने गमावून हडसन नदीवर उतरले आणि विमानातले सर्व 155 जण वाचले. त्याचे कॅप्टन चेस्ली सलनबर्गर पुढच्याच महिन्यात अमेरिकी संसदेच्या समितीसमोर बसले. तिथे त्यांनी सांगितले की आपला पगार 40 टक्क्यांनी कमी झाला आहे आणि पेन्शन गेली आहे. तिच्या बदल्यात जे मिळणार ते अगदीच किरकोळ. देश ज्याला डोक्यावर घेत होता त्याची ही अवस्था, तर बाकीच्यांची काय असेल? पगार गेला, पेन्शन गेली, उरला फक्त यादीतला आकडा. निकोलाउंची यादी हातात पडल्यावर पूर्वेकडचे पायलट इतके का पेटले, हे मला तरी या साक्षीतून जास्त कळते.

अमेरिका वेस्ट मात्र ॲरिझोनातल्या फीनिक्सची, 1983 पासून उडणारी. तिचा सर्वांत जुना पायलटही 1983च्या मागे जाऊ शकत नव्हता. 2005 साली तिच्याकडे सुमारे 1,900 पायलट होते आणि फर्लोवर एकही नव्हता. यूएस एअरवेजच्या यादीत सुमारे 5,100 नावे होती, त्यांतले 1,700च्या आसपास घरी बसलेले.

सप्टेंबर 2005 मध्ये दोन्ही कंपन्या कागदोपत्री एक झाल्या. नाव यूएस एअरवेजचे राहिले; मुख्यालय गेले फीनिक्सजवळच्या टेम्पीला आणि सूत्रे गेली अमेरिका वेस्टचे प्रमुख डग पार्कर यांच्या हाती. पायलटांची बोलीभाषेत दोन नावे पडली, ती शेवटपर्यंत टिकली: ईस्ट आणि वेस्ट.

ईस्टचे म्हणणे साधे होते. नोकरीला लागल्याची तारीख लावा, हवे तर काही अटी घाला. आमचे केस या कंपनीत पांढरे झाले. वेस्टचे म्हणणे तेवढेच साधे. तुमची कंपनी बुडत होती, आम्ही आलो म्हणून तुमची विमाने उडत आहेत. तारीख लावली तर आमचा पंधरा वर्षांचा कॅप्टन तुमच्या घरी बसलेल्या माणसांच्या खाली जाईल आणि पुढची मंदी आली की तुमच्याऐवजी आमची माणसे रस्त्यावर येतील. म्हणून प्रत्येकाचे आपापल्या यादीतले सापेक्ष स्थान पाहा आणि त्या प्रमाणात याद्या विणा. फर्लोवरच्यांना सोबत आणायला नोकरीच नाही, ते तळाशी.

दोघांचेही खरे होते, हीच अडचण.

निकोलाउंची यादी

दोन्ही गट एकाच संघटनेचे सदस्य होते: एअर लाइन पायलट्स असोसिएशन, बोलीभाषेत अल्पा. विलीनीकरणासाठी अल्पाची ठरलेली पद्धत होती. आधी आपसांत बोलणी, मग मध्यस्थी, मग लवाद. लवादाने पाहायची तत्त्वेही लिहिलेली होती: नोकऱ्या टिकाव्यात, एका गटाला फुकटचे घबाड मिळू नये, कोणाची सध्याची खुर्ची जाऊ नये, पुढच्या कारकिर्दीच्या अपेक्षांना कमीत कमी धक्का लागावा. पूर्वी या यादीत नोकरीला लागल्याच्या तारखेलाही स्थान होते. 1991 साली ते काढून टाकले होते.

निकोलाउ हे नाव अमेरिकेत बेसबॉल पाहणाऱ्यांनाही माहीत होते, कारण खेळाडू आणि संघमालक यांच्या मोठ्या वादांत त्यांनी निवाडे दिले होते. त्यांच्यासोबत इतर कंपन्यांतले दोन पायलट बसले होते आणि त्यांतल्या एकाचे निकालाशी अंशतः मतभेद होते. निकाल थोडक्यात असा. यादीच्या डोक्यावर 517 जागा ईस्टच्या, कारण मोठी आंतरराष्ट्रीय विमाने त्यांनीच आणली होती. त्याखाली दोन्हीकडचे कामावर असलेले पायलट त्यांच्या सापेक्ष स्थानाप्रमाणे विणलेले. आणि विलीनीकरण जाहीर झाले तेव्हा फर्लोवर असलेले ईस्टचे सगळे पायलट अगदी तळाशी.

तत्त्वांच्या चौकटीत हा निकाल चोख बसतो. विलीनीकरणाच्या दिवशी एका कंपनीचा पायलट नोकरीसह आला, दुसऱ्याचा नोकरीविना. पहिल्याला दुसऱ्याच्या खाली ढकलणे म्हणजे घबाड. पण फोटो कोणत्या क्षणी काढायचा, हा प्रश्न उरतोच. मे 2005 हा ईस्टच्या इतिहासातला सर्वांत वाईट क्षण होता. 2007 पर्यंत फर्लोवरचे काही जण परत विमानात बसलेही होते. आजारपणातला फोटो कायमचा भिंतीवर लावावा तसे ते झाले. मला विचाराल तर फर्लोवरच्यांच्या प्रत्यक्ष सेवेला थोडेतरी वजन द्यायला हवे होते. अल्पानेच पुढे, 2009 साली, सेवेच्या लांबीला एक घटक म्हणून आपल्या धोरणात परत जागा दिली, यावरून हे फक्त माझेच म्हणणे नाही असे दिसते.

ईस्टच्या नेतृत्वाने निकाल रद्द करण्यासाठी धावपळ केली. ती संघटनेत चालली नाही. डिसेंबर 2007 मध्ये अल्पाने यादी कंपनीला दिली आणि कंपनीने ती स्वीकारलीही.

नवरा तोच, मांडव नवा

इथे 2005चा एक जुना कागद आडवा आला. विलीनीकरणाच्या वेळी कंपनी आणि दोन्ही गटांत झालेल्या संक्रमण करारात असे होते की एकत्र यादी लागू होईल ती दोन्ही गटांसाठी एकच नवा वेतनकरार मंजूर झाल्यावर. तोवर ईस्टची विमाने ईस्टचे पायलट चालवतील, वेस्टची वेस्टचे. दोन वेतनकरार, दोन याद्या, मध्ये कुंपण. वेतनकरार मंजूर करायचा म्हणजे पायलटांनी मत द्यायचे. आणि बहुमत कोणाचे? ईस्टचे.

मे 2007 मध्येच कंपनीने संयुक्त कराराचा प्रस्ताव पुढे केला. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष स्कॉट कर्बी यांच्या नावाने तो ओळखला जातो. दिवाळखोरीत कापल्या गेलेल्या पगारावर चाललेल्या ईस्टला त्यात वाढ होती. पण वाढीबरोबर निकोलाउंची यादी येणार होती. ईस्टने वाढ नाकारली. अनेक वर्षांचा वाढीव पगार सोडून द्यायचा आणि जुन्या, कापलेल्या पगारावर राहायचे, असा तो निर्णय. बाहेरच्या माणसाला तो आत्मघातकी वाटतो. आकड्याची किंमत कशी ठरते ते पाहिले की तसा वाटत नाही. ईस्टच्या यादीत वरचे लोक वयस्क होते. ते निवृत्त होतील तसतशा कॅप्टनच्या खुर्च्या मोकळ्या होणार. कुंपण असेपर्यंत त्या खुर्च्या फक्त ईस्टच्या. कुंपण काढले की वेस्टचे तरुण पायलटही त्या रांगेत उभे.

मग ईस्टच्या काही पायलटांनी आणखी पुढची चाल खेळली. संघटनाच बदलायची. त्यांनी यूएस एअरलाइन पायलट्स असोसिएशन, म्हणजे युसापा, ही नवी संघटना काढली आणि तिच्या घटनेतच ज्येष्ठता नोकरीच्या तारखेनुसार असे तत्त्व घातले. अमेरिकी कायद्यानुसार एका विमान कंपनीतल्या सगळ्या पायलटांची एकच अधिकृत संघटना असते आणि ती बहुमताने ठरते. एप्रिल 2008 मध्ये मते मोजली: युसापा 2,723, अल्पा 2,254. आता वेस्टच्या पायलटांच्या वतीने कंपनीशी बोलणी करण्याचा अधिकार ज्या संघटनेकडे गेला, तिचा जन्मच त्यांची यादी उलथण्यासाठी झाला होता.

अशा वेळी अल्पमताला वाचवणारे एकच शस्त्र कायद्यात आहे: न्याय्य प्रतिनिधित्वाचे कर्तव्य. संघटनेने बहुमताच्या जोरावर आपल्याच सदस्यांच्या एका भागावर मनमानी अन्याय करायचा नाही. हे तत्त्व अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1944 साली एका रेल्वेच्या खटल्यात मांडले, आणि तो वादही ज्येष्ठतेचाच होता. इंजिनावर काम करणाऱ्या कृष्णवर्णीय फायरमनना बाजूला सारण्यासाठी गोऱ्यांच्या बहुमताची संघटना रेल्वे कंपनीशी करार करत होती. ईस्ट-वेस्टच्या भांडणात वर्णद्वेषाचा प्रश्न नव्हता, तुलना तिथवर ताणू नये. पण बहुमताच्या हाती वाटाघाटीची लेखणी दिली की ती आधी ज्येष्ठता यादीवर चालते, हे न्यायालयांना साठ वर्षे माहीत होते.

वेड आणि लग्न

सप्टेंबर 2008 मध्ये वेस्टच्या सहा पायलटांनी फीनिक्सच्या संघीय न्यायालयात दावा लावला. मे 2009 मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला: युसापाने न्याय्य प्रतिनिधित्वाचे कर्तव्य मोडले. जुलैत न्यायाधीश नील वेक यांनी आदेश काढला की युसापाने निकोलाउंची यादी धरूनच बोलणी करावीत. वेस्टच्या गोटात दिवाळी झाली असणार. ती वर्षभरही टिकली नाही.

4 जून 2010 रोजी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने हा निकाल उलटवला. कारण असे की प्रकरण अजून पिकलेले नाही. नवा वेतनकरारच झालेला नाही. तो कसा असेल, त्यात कोणती यादी असेल हे आज कोणालाच ठाऊक नाही. करार होऊ द्या, नुकसान झाले तर तेव्हा या, तेव्हा दावा निःसंशय पिकलेला असेल.

कायद्याच्या पुस्तकात हे ठीक. जमिनीवर त्याचा अर्थ काय झाला ते पाहा. यादीला न्यायालयात नेण्यासाठी करार हवा, करारासाठी ईस्टचे बहुमत हवे, आणि ईस्टच्या बहुमताला करार नको. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे, तीच गत. कंपनीही कात्रीत सापडल्याचे सांगू लागली. निकोलाउंची यादी मान्य केली तर ईस्ट गळ्याशी, नाही केली तर वेस्ट कोर्टात. 2010 साली ती स्वतःच न्यायालयात गेली आणि विचारू लागली की आम्ही नेमके काय करायचे. 2012 मध्ये न्यायाधीश रॉझलिन सिल्व्हर यांनी दिलेले उत्तर असे की युसापाला वेगळी यादी मागता येईल, पण त्यामागे संघटनेचा रास्त हेतू असला पाहिजे. म्हणजे पुन्हा जिथल्या तिथे.

कंपनीविषयी मला फारशी दया येत नाही. करार अडकलेला असेपर्यंत दोन्ही गट जुन्या, स्वस्त पगारावर उडत होते. 2011च्या उन्हाळ्यात विमाने मुद्दाम रेंगाळवली जात आहेत असा आरोप करून कंपनीने युसापाला शार्लटच्या न्यायालयात खेचले आणि सप्टेंबरमध्ये मनाई हुकूम मिळवला; पण करार नसल्याची रोजची बचत त्या सगळ्या डोकेदुखीपेक्षा मोठी असावी, असा माझा अंदाज आहे.

उशिराचा हिशेब

ईस्टचा डाव पूर्ण सरळ लागला असेही नाही. त्यांचे सगळे गणित वरच्यांच्या निवृत्तीवर होते, आणि नेमक्या डिसेंबर 2007 मध्ये अमेरिकी संसदेने पायलटांचे निवृत्तीचे वय 60 वरून 65 केले. त्या दिवशी साठी न ओलांडलेल्या प्रत्येकाला पाच वर्षे वाढून मिळाली. परिणाम असा की डिसेंबर 2012 पर्यंत वयामुळे सक्तीने कोणीच निवृत्त होईना. ज्या खुर्च्यांसाठी ईस्टचे मधल्या फळीतले पायलट वाढीव पगार सोडून बसले होते, त्या खुर्च्या जागच्या हलेनात. वरच्यांची मात्र चैन: यादीत डोक्यावर, खुर्चीत आणखी पाच वर्षे. एकाच गटात उशिराचा फायदा एकाला, किंमत दुसऱ्याला.

वेस्टने काय गमावले ते मोजायला सोपे. 2008च्या मंदीत कंपनीने लास व्हेगासचे केंद्र आखडते घेतले आणि वेस्टचे काही पायलट फर्लोवर गेले. निकोलाउंची यादी लागू असती तर त्यांच्याआधी घरी जायला यादीच्या तळाशी परत बोलावलेले ईस्टचे पायलट होते. कुंपणामुळे ते उडत राहिले. लवादात जिंकलेला घरी आणि हरलेला विमानात, हे दृश्य सहा फिर्यादींच्या रागाच्या मुळाशी होते.

याच काळात दुसरीकडे काय झाले ते पाहिले की रचनेचा मुद्दा लख्ख होतो. डेल्टा आणि नॉर्थवेस्ट यांचे विलीनीकरण 29 ऑक्टोबर 2008 रोजी पूर्ण झाले. तिथेही हजारो पायलट, तिथेही एका बाजूला वयस्क आणि दुसऱ्या बाजूला तरुण फळी, तिथेही लवाद, तिथेही निकालावर नाराजी. पण वेतनाचा संयुक्त करार विलीनीकरणाच्या आधीच झालेला होता. लवादाची यादी डिसेंबर 2008 मध्ये आली तेव्हा ती अडवायला कोणाच्या हातात मत शिल्लक नव्हते. डेल्टाच्या पायलटांचा स्वभाव काही यूएस एअरवेजच्या पायलटांहून सोशिक नव्हता. फक्त मतदानाची वेळ वेगळी होती.

आपल्याकडेही तोच प्रयोग निकोलाउंच्या निकालाच्याच वर्षी सुरू झाला होता. ऑगस्ट 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. इथे संघटनाही दोन राहिल्या: जुन्या एअर इंडियाच्या पायलटांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. 2011 साली पगाराच्या समानतेसाठी एका संघटनेचा संप, 2012 साली बोइंग 787चे प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही का, म्हणून दुसऱ्या संघटनेचा 58 दिवसांचा संप. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती. मे-जून 2012 मध्ये मुंबईहून अमेरिकेला किंवा युरोपला निघालेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी रद्द झालेल्या विमानांची तिकिटे हातात धरून हा वाद अनुभवला. ड्रीमलाइनर विमाने मूळ एअर इंडियासाठी मागवलेली, त्यांवर आधी हक्क आमचा, असे गिल्डचे म्हणणे होते. ईस्टचा पायलट मोकळ्या होणाऱ्या खुर्चीबद्दल हेच म्हणत होता.

तिसरे लग्न

ईस्ट-वेस्टची गाठ शेवटी सुटली नाही. तिच्यावर आणखी एक गाठ बसली. अमेरिकन एअरलाइन्सची पालक कंपनी नोव्हेंबर 2011 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबर 2013 मध्ये यूएस एअरवेज तिच्यात मिसळली. तत्पूर्वी फेब्रुवारी 2013 मध्ये यूएस एअरवेजच्या पायलटांनी एक सामंजस्य करार मोठ्या मताधिक्याने मंजूर केला होता. पगार वाढणार होता आणि यादीचा प्रश्न पुढच्या, तीन बाजूंच्या लवादावर ढकलला होता. ईस्टने वाढीव पगारही घेतला आणि निकोलाउंची यादीही टाळली. वेस्टने पुन्हा दावा लावला.

यावेळी प्रक्रियेला कायद्याची चौकट होती. 2001 साली अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही दुसरी विमान कंपनी विकत घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या हवाई सेविका आणि अनेक पायलटांना यादीच्या शेपटाला जोडून टाकले होते. तिकडे याला 'स्टेपल करणे' म्हणतात, दोन कागदांना टाचणी मारावी तसे. टीडब्ल्यूएचे मुख्य केंद्र मिझुरीत होते. तिथल्या दोन सिनेटरांनी, क्लेअर मॅकॅस्किल आणि किट बाँड यांनी, 2007च्या अखेरीस कायदा करून घेतला की विलीनीकरणात ज्येष्ठता न्याय्य रीतीने जुळवली पाहिजे आणि जमले नाही तर लवाद. या कायद्याने न्याय्यतेचे जे नियम उचलले त्यांचे नाव अलेघेनी-मोहॉक नियम. 1972चे ते अलेघेनी आणि मोहॉक, म्हणजे यूएस एअरवेजचेच पूर्वज. आजोबांच्या लग्नातली वाटणीची चिठ्ठी नातवांच्या भांडणात उपयोगी पडावी, तसे.

सप्टेंबर 2014 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या पायलटांची संघटना तिन्ही गटांची अधिकृत प्रतिनिधी झाली आणि युसापाचा वाटाघाटींचा अधिकार संपला. वेस्टला या प्रक्रियेत स्वतःची वेगळी समिती मिळाली. युसापा आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या वतीने बोलणारा त्यांचाच माणूस होता. आणि 26 जून 2015 रोजी नवव्या सर्किटने वेस्टला तो निकाल दिला ज्याच्यासाठी ते 2008 पासून झगडत होते: युसापाने सामंजस्य करारात निकोलाउंची यादी सोडून देताना कोणताही रास्त हेतू दाखवलेला नाही, कर्तव्य मोडले आहे. जिच्याविरुद्ध निकाल लागला ती संघटना तोवर प्रतिनिधीच उरली नव्हती. 2010 साली न पिकलेले फळ 2015 साली पिकले, तेव्हा झाडच तोडलेले होते.

16 ऑक्टोबर 2015 रोजी यूएस एअरवेजच्या नावाने शेवटचे विमान उडाले. कंपनीच्या जन्मवर्षावरून त्याला 1939 हा क्रमांक दिला होता. फिलाडेल्फियाहून शार्लट, तिथून फीनिक्स, पुढे सॅन फ्रान्सिस्को आणि परत फिलाडेल्फिया, असा सगळ्या जुन्या घरांना भेटी देणारा त्याचा मार्ग. त्या दिवशी ईस्ट आणि वेस्ट हे पायलट दोन वेगळ्या याद्यांवरच होते. कंपनी विलीन होऊन दहा वर्षे झाली, कंपनीचे नाव पुसले गेले, यादी काही एक झाली नाही.

अमेरिकन, ईस्ट आणि वेस्ट या तिघांची यादी तीन लवादांच्या मंडळाने 6 सप्टेंबर 2016 रोजी दिली. मे 2005 मध्ये 55 वर्षांचा असलेला ईस्टचा कॅप्टन तोवर पासष्टी ओलांडून घरी गेला होता. त्याच्या खुर्चीत ईस्टचाच माणूस बसला होता.